नवख्यांच्या पहिल्या डावाला कॅटान नकोच

फासेपारखी
घरी नवखं कुणी आलं की बोर्डगेमवाले हमखास कॅटान काढतात, म्हणजे पटावर वसाहती वसवायचा आणि मालाची देवघेव करायचा खेळ. माझा विरोध आहे. खेळ वाईट नाही, १९९५चा 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार उगाच मिळालेला नाही. पण तो नवख्याला फासे पडायच्या आधीच बुडवतो. पहिल्या दोन वसाहती कुठे मांडायच्या यावर निम्मा डाव ठरतो. पटावरच्या जागांना आकडे असतात, फाशांची बेरीज तो आकडा आली की लगतच्या वसाहतीला माल मिळतो. दोन फाशांवर ६ किंवा ८ यायची शक्यता प्रत्येकी ३६त ५, आणि २ किंवा १२ची जेमतेम १. मुरलेला खेळाडू ६-८ धरून बसतो, नवखा मेंढ्यांचं चित्र गोड दिसतं म्हणून १२वर. पुढे तासभर हाती भोपळा. त्यापेक्षा तिकीट टू राइड बरं, आगगाडीचे मार्ग जोडायचा खेळ. पत्ते उचला, मार्ग घ्या, नाहीतर नवी तिकिटं काढा. झाले नियम.

लिंबूटिंबू
साफ असहमत! तिकीट टू राइडमध्ये मान खाली घालून जो तो आपले डबे मांडतो. कॅटानमध्ये "दोन विटा घे, एक गहू दे" सुरू झालं की मुखदुर्बळ पाहुणाही घासाघीस करतो. आणि वसाहतींचं म्हणाल तर नवख्यांसाठी आखून दिलेली मांडणी नियमपुस्तिकेतच आहे.

फासेपारखी
आहे हो, पण वापरतं कोण? मुरलेल्यांना ती मांडणी कंटाळवाणी वाटते.

हुकमाची राणी
तुम्ही दोघं त्याच दोन खेळांत अडकलात. मेंढीकोट खेळत वाढलेल्यांसमोर 'द क्रू' ठेवा, २०१९चा पत्त्यांचा खेळ. हात करणं, रंगाला रंग टाकणं, हुकूम, काहीच शिकवावं लागत नाही. रॉकेटचे पत्ते कायम हुकूम. फक्त इथे सगळे एकाच बाजूला, आणि अमुक पत्ता अमक्याच्याच हातात गेला पाहिजे. खाणाखुणा बंद. एका मोहिमेत, म्हणजे एका डावात, प्रत्येकाने एकदाच एक पत्ता उघडा करून, तो आपल्याकडचा त्या रंगातला सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकुलता, एवढंच सांगायचं.

लिंबूटिंबू
एकाच बाजूचे खेळ म्हणजे एक दीडशहाणा सगळ्यांचे डाव खेळणार. पँडेमिकला बघितलंय, तिथेही सगळे मिळून रोगांच्या साथीशी लढतात.

हुकमाची राणी
पँडेमिकला सगळं बोलून ठरवता येतं, म्हणून. इथे तोंडच बांधलंय, दीडशहाणा करणार काय? डोळे वटारेल फार तर.

फासेपारखी
मान्य. पण हल्लीच्या कॉलेजच्या पोरांना हुकूम कुठे ठाऊक असतो?

हुकमाची राणी
मग त्यांना आधी मेंढीकोटच शिकवा की. पत्त्यांचा कॅट तर घरात असतोच, महागडा खोका नंतर घ्या.