अनुभव धागा: नोकरी परदेशात, पण पीआरचा विषय काढला की मालक गप्प

शहापूर, बेळगाव (धागा सुरू करणारी)

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातली कितीतरी मुलं बाहेर आहेत. लग्नात भेटली की पहिला प्रश्न, "पर्मनंट झालं काय?" म्हणजे पीआर, तिथं कायम राहायचा परवाना, मिळाला काय. बऱ्याच देशांत मालकानं कागद केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, हे घरच्यांना ठाऊक नसतं आणि मुलं सांगत नाहीत. तुमच्या बाबतीत मालकानं काय कारण दिलं, वाट कशी निघाली, ते लिहा. कंपनीचं नाव नको.

माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंग शिकून ऑस्ट्रेलियात गेला. तिथं १८६ या पीआरच्या व्हिसासाठी मालकानं नॉमिनेशन करावं लागतं, म्हणजे कामगाराचं नाव सरकारकडे सुचवावं लागतं, आणि प्रशिक्षण निधीही भरावा लागतो. लहान धंद्याला ३००० डॉलर, मोठ्याला ५०००. ही रक्कम कामगाराकडून वसूल करता येत नाही. मालक बोलायला गोड, "तू आमच्या घरचाच." विषय काढला की "पुढच्या वर्षी बघू." पैशाची अडचण असेलही. पण पीआर मिळालं की हा दुसरीकडे जाईल, ही भीती मोठी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. शनिवारची पाळी, सणाची पाळी, सगळं याच्याच गळ्यात, कारण हा नाही म्हणू शकत नव्हता. शेवटी दुसरा मालक मिळाला, त्यानं रुजू होण्याआधीच नॉमिनेशनचं लिहून दिलं. ७ डिसेंबर २०२४ पासून आधीच्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडचं (व्हिसासाठी मान्यता असलेल्या मालकाकडचं) कामही या व्हिसाला लागणाऱ्या दोन वर्षांच्या कामात मोजतात, म्हणून मागचं वाया गेलं नाही.

टिळकवाडीकर, अमेरिका

एच-१बी हा कामाचा व्हिसा सहा वर्षांचा. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असावी लागते, आणि त्यातला 'पर्म' हा पहिला टप्पा मालकाच्या हातात. या कामाला योग्य अमेरिकन माणूस मिळाला नाही, हे त्यानं जाहिराती देऊन दाखवायचं. आमच्याकडे कपात झाली आणि पर्म थांबलं. मागच्या सहा महिन्यांत त्याच कामातले लोक काढले असतील, तर आधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे कंपनी थांबली, हे मी समजू शकतो. राग याचा आहे की आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच. इकडे वर्षं संपत होती. नव्या मुलांनी एवढं लक्षात ठेवा: पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म दाखल व्हायला हवं, आणि पर्मचा वकिलासकट सगळा खर्च मालकाचाच. तुमच्याकडे मागितला तर देऊ नका.

निपाणीची नर्स, ब्रिटन

पाच वर्षांनी आयएलआरचा, म्हणजे इथल्या पीआरचा, अर्ज मीच करायचा होता. पण हिची गरज अजून आहे आणि पगार नियमात बसतो, असं मालकाचं पत्र लागतं. माझा पगार थोडा वाढवल्याशिवाय नियमात बसत नव्हता, आणि तिथंच घोडं अडलं. मॅनेजर आज देते, उद्या देते करत राहिल्या. मग मजकूर मीच टाइप करून नेला, एका पानावर जेमतेम तीन ओळी, सोबत पगाराच्या चिठ्ठ्या. युनियनच्या बाई शेजारी बसल्या होत्या. पगारही वाढला, सहीही झाली. एकटी गेले असते तर झालं नसतं.

खानापूर, सध्या कॅनडा

इकडे एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर निवड होणाऱ्या पीआरच्या योजनेत, अर्ज आपला आपण करायचा, तरी मालकाचं अनुभवपत्र चुकत नाही. मला दिलेल्या पत्रात फक्त हुद्दा आणि तारखा होत्या. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, काहीच नाही. ते पुन्हा लिहून घेतलं. आणि २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे जादा गुण बंद झालेत. त्या गुणांसाठी ऑफर लेटर विकणारे एजंट अजून फिरायलेत, त्यांना एक रुपया देऊ नका.

चिकोडीहून एक वडील

मुलगा जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या परवान्यावर, आहे. त्यालाही मालकाच्या मागे लागावं लागणार काय?

शहापूर, बेळगाव

काका, तिथं मालकानं अर्ज करायचा नसतो. नोकरी चालू असल्याचे आणि पगाराचे कागद लागतात, तेवढे मिळतात. जर्मन भाषा बी-१ (मधल्या) पातळीची येत असेल तर २१ महिन्यांनी, नुसती ए-१ (अगदी सुरुवातीची) असेल तर २७ महिन्यांनी तो स्वतः पीआरचा अर्ज करू शकतो. तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी. बी-१ ची परीक्षा दिली काय, एवढं त्याला आजच फोन करून विचारा.