आजोबांच्या पेटीतली लेन्स
आजोबांच्या पेटीत सापडलेली कॅमेऱ्याची लेन्स जपानी आहे का, असं विचारलंत ना? अहो ती जपानी नाही, पुढच्या रिंगवरची अक्षरं रशियन आहेत, लेन्सचं नाव हेलिओस-४४-२, ५८ एमएम (फोकल लेंथ) एफ/२ (अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, सर्वांत जास्त उघडं असतानाचा आकडा). मागे ४२ मिमीचे आटे, म्हणजे एम४२ अडाप्टर (अशी लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) घ्या आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला ही लेन्स कळत नाही, म्हणून त्याच्या मेनूत लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचा ऑप्शन ऑन करा, मी तो न करता अर्धा दिवस कॅमेरा बिघडला म्हणून डोकं धरून बसलेलो. अॅपर्चरच्या रिंगा दोन, एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी फोकस करताना उघडी ठेवायची आणि क्लिकआधी फिरवून त्या आकड्यावर आणायची. पण आधी टॉर्च मारून आत बघा हां, म्हापशात आमच्या कपाटातल्या एका लेन्सवर पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, गेलीच ती. सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. बाकी एफ/२ ला माडाच्या झावळ्यांतला उजेड मागे कसा गरगरतो ते बघाच!