दरी कमी करायची तर सुरुवात सातबाऱ्यापासून करा

चोपड्याची लेक

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की खान्देशात दोन हिशोब होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, वर्ष पुरं होतं. त्याच मालकाकडे राहायचं की दुसरीकडे जायचं, साल किती, उचल किती, हे ठरतं. आणि सासरच्या लेकी माहेरी येतात. गौराई, झोके, आमरस, पुरणाचे मांडे, सगळं कौतुक होतं. त्यातच एखाद्या घरात भाऊ म्हणतो, "बाई, जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक सही लागते." ती सही हक्कसोडपत्रावरची असते.

२०२४ च्या मार्चमध्ये फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतावरचा अभ्यास आला. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशातली ४०.१ टक्के संपत्ती होती आणि २२.६ टक्के उत्पन्न त्यांच्याकडे जात होतं. खालच्या निम्म्या देशाच्या वाट्याला उत्पन्नाचे १५ टक्के. वाचून जीव जळतो. पण साक्रीच्या किंवा यावलच्या माणसाने उद्या उठून करायचं काय?

माझं म्हणणं असं, की जी संपत्ती आपल्या हातात आहे तिची वाटणी आधी नीट करा. आपल्याकडे संपत्ती म्हणजे जमीन. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हिस्सा दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील २००५ साली हयात नसले तरी लेकीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे कायदा कधीच झाला. अडलंय ते आपल्या ओसरीवर. बायकोचं नाव नवऱ्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. किती घरांनी नावं लावली, आपापल्या गावात विचारून बघा.

दुसरं, सालदाराचा ठराव लिहून द्या. उचल किती दिली, किती फिटली, हे त्याच्याही हातात कागदावर असू द्या. तिसरं, सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्या. यातल्या कशालाच मंत्र्याची परवानगी लागत नाही.

कापूसवाला, पारोळा

ताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण तुम्ही तोट्याचे वाटे करायला सांगताय. चार एकर कोरडवाहू, त्याचे दोन भाऊ आणि दोन बहिणी असे चार वाटे. एका एकरात कोणाचं पोट भरतं? संपत्ती वाटायची तर आधी ती संपत्ती असावी लागते.

आमची लूट घरात होत नाही, धोरणात होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमचं बोंड फुटायच्या आधी, सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आमचा माल बाजारात यायचे नेमके तेच महिने. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा साक्री-धुळ्याकडच्या कांदेवाल्यांचे हाल आठवा. शहरातला माणूस स्वस्त खातो आणि त्याची किंमत गावातला माणूस भरतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर हेच सांगत आले. सरकारने आमच्या मानेवरून उठावं, बाकी आमचं आम्ही बघू. पोटले भाकर पहिले, मग नावाचं बोलू.

चोपड्याची लेक

दादा, भाव मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण लक्ष्मीमुक्तीची हाक शरद जोशींनीच दिली होती, हे संघटनेच्या माणसाला मी सांगायला नको. त्यांना या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येताना दिसल्या नाहीत.

आणि भाव मिळाला तर तो कोणाच्या खात्यावर जातो? २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते आणि ती जमिनीच्या कागदावर होते. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० सातबारा बघूनच येतात. नुकसानभरपाई तशीच. जो वाट्याने शेत करतो, ज्याची निंदणी-वेचणी आहे, त्याच्या नावावर यातलं काहीच येत नाही. तुमच्या शेतात कापूस कोण वेचतं, दादा? पहाटे डबा घेऊन निघालेल्या बाया किलोवर वेचतात, संध्याकाळी काट्यावर उभ्या राहतात, आणि काट्याचा आकडा वाचणारा दुसराच असतो. भाव वाढला तर त्यांची वेचणी त्याच प्रमाणात वाढते का, हे तुम्ही मनापासून सांगा.

तुकडे पाडा असं मी म्हटलेलं नाही. नाव सामाईक लावता येतं, शेत एकत्र कसता येतं, उत्पन्नाचा हिस्सा ठरवता येतो.

एमआयडीसी जळगाव

इथे सगळे वाटणीवर बोलताहेत, वाढीवर कोणीच नाही. माझा चटईचा छोटा कारखाना आहे. कामगार, वीज, बँकेचा हप्ता, सगळं सांभाळून महिन्याला पगार करतो, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

गरिबी आणि विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०१३-१४ ते २०२२-२३ या काळात २४.८२ कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर आले. जागतिक बँकेच्या मोजणीत भारताचा खर्चावर आधारित गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, आकडा कमी तर दरी कमी) २५.५ आहे, म्हणजे जगातल्या कमी विषमतेच्या देशांत आपण बसतो. शेजाऱ्याकडे किती आहे यापेक्षा माझ्या पोराला काय मिळालं हे महत्त्वाचं.

श्रीमंतांवर कर लावा म्हणणाऱ्यांसाठी: संपत्ती कर १९५७ पासून होता. २०१३-१४ मध्ये देशभरातून जमा झाले १,००८ कोटी. वसुलीचा खर्च आणि कटकटच जास्त, म्हणून २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. रावेरची केळी ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या रोपांमुळे पुढे गेली. कोणाचं काढून कोणाला दिल्यामुळे नाही. सामान्य माणसाने काय करावं? पोरांना कौशल्य शिकवावं, लग्नात कर्ज काढू नये, म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे का होईना टाकावेत. चार माणसांना काम देणारा प्रत्येक जण विषमता कमीच करतो.

सातपुड्याचा, शहादा

एमआयडीसी भाऊ, तो २५.५ आकडा खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. गरीब माणूस मिळवतो तेवढं खातो, श्रीमंत माणूस मिळकतीतला थोडाच भाग खर्च करतो, म्हणून खर्च मोजला की दरी लहान दिसते. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात पुढे लिहिलंय, की वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसप्रमाणे उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता तो २०२३ मध्ये ६२ झाला. तेही वाचा.

आता आमच्याकडचं. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर तापीकाठची काळी जमीन आहे. ती आमच्या आदिवासी आजा-पणजांकडून कशी गेली? पावसाळ्यात घरात दाणा नसायचा. मग मण-दोन मण ज्वारी घ्यायची आणि अंगठा द्यायचा. पुढच्या सुगीला दीडपट-दुप्पट फेडायची. नाही फिटली की बांध सरकायचा, आणि काही वर्षांनी आपल्याच शेतात सालदार म्हणून उभं राहायचं. कष्ट आमना, नाव दुसरानं. त्या वेळीही कोणी म्हणत असेल, की मालक चार माणसांना काम देतो.

हे कशाने थांबलं? १९७२ च्या सुमारास आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराज उभे राहिले, श्रमिक संघटना झाली. माणसं शेकड्यांनी एकत्र चालत गेली. सालदारांची मजुरी, रानटी मारहाण, गेलेल्या जमिनी, सगळ्यावर बोलली. बायांनी दारूची मडकी फोडली. मग १९७४ साली कायदा झाला: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेली आदिवासींची जमीन परत करायची. पुढेही परवानगीशिवाय अशी खरेदी होऊ नये, ही तरतूद तेव्हाच आली. कागद आधी आला नाही. माणसं आधी आली.

म्हणून चोपड्याच्या ताईंनाही माझा विरोधच आहे. तुम्ही एकेकट्या घराला चांगुलपणा शिकवताय. सालदाराने एकट्याने ठराव लिहून मागितला तर मालक म्हणेल, तू राहू दे, दुसरा बघतो. गावातल्या सगळ्या सालदारांनी आखाजीआधी बसून एकच रक्कम ठरवली तर त्याला कोणाला बघता येईल? शिवाय तुमचा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, कलम २(२) बघा. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी बाईच्या बाजूने निकाल दिला, पण तिच्या वारसांना त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. आमच्या बायांचं नाव लागायचं तर जातपंचायतीत आणि ग्रामसभेत भांडूनच लागेल.

आमच्या नंदुरबारमधून दिवाळीनंतर ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या कष्टाची एकच उचल, ती मुकादम पुरुषाच्या हातात देतो. तिची मजुरी किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पाचशेचा म्युच्युअल फंड कोणी काढायचा, भाऊ?

मिलवाल्याची मुलगी, धुळे

सातपुड्याच्या भाऊंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. फक्त कराचा मुद्दा तसाच सोडू नका. वारशावर लागणारा मृत्यूकर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. संपत्ती कर २०१५ साली गेला. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के झाला. मी मात्र साबण आणि चहा-पत्तीवर तितकाच जीएसटी भरते जितका अब्जाधीश भरतो. १,००८ कोटी कमी आले म्हणून कर वाईट, हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्या करात तेव्हा शेअर धरलेच जात नव्हते. श्रीमंतांची खरी दौलत जिथे असते तेच वगळलं, मग वसुली कुठून होणार?

१९३६ साली जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. तिथल्या कार्यक्रमात शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जातून दिलासा द्या, या मागण्या होत्या. साने गुरुजी गावोगाव फिरून लोक आणत होते. कर कोणी किती द्यायचा, हे आपल्याच मातीतले अडाणी म्हणवले जाणारे शेतकरी तेव्हा ठणकावून विचारत होते. आज मत मागायला येणाऱ्याला आपण रस्ता आणि समाजमंदिर मागतो, हे कधीच विचारत नाही.

कापूसवाला, पारोळा

मी माझ्या मतावर ठाम आहे. सरकारच्या हातात आणखी कर दिला तर तो शेतकऱ्यापर्यंत येईल, यावर माझा विश्वास नाही. सालदारांनी एक होऊन रक्कम ठरवली तर ती मी कशातून देऊ? मला हमीभावही मिळत नसताना?

वेचणीचं ताई, प्रामाणिक उत्तर: भावाच्या प्रमाणात वाढत नाही. पण बायाही आता घोळक्याने येतात, दर ठरवूनच येतात, आणि दुसऱ्या गावात जास्त मिळालं तर येत नाहीत.

सातपुड्याचा, शहादा

तेच तर म्हणतोय, बापू. त्यांनी ठरवलं म्हणून तुम्ही देताय. तुमच्या बाजूने तुम्ही शेतकरी एक व्हा आणि भाव मागा, आम्ही मोर्चात येतो. पण मिळालेल्या भावातला वाटा आम्ही त्याच दिवशी मागणार, पुढच्या आखाजीपर्यंत थांबणार नाही.

चोपड्याची लेक

भाऊ, एकेकट्या घराचा मुद्दा रास्त आहे, तरी घरातली वाटणी मोर्चाने होत नाही, हेही खरं. दोन्हीकडून लागावं लागेल. आमच्या बचत गटात या महिन्यात हक्कसोडपत्रावरच बैठक ठेवलीय, वाचून समजल्याशिवाय कोणी सही करायची नाही एवढं तरी ठरवू. शहाद्याकडच्या कोणाकडे सालदाराच्या लेखी ठरावाचा नमुना असेल तर इथे टाका. आमच्याकडचे तीन-चार शेतकरी तयार आहेत, आणि त्यात एक कापूसवालाही आहे.