‘दखल’, ‘पोच’ की ‘मान्यता’?

ओसरी:
अमेरिका-चीन संबंधांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि चार दिवस एकाच क्रियापदाशी अडलेय. फेब्रुवारी 1972, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनमध्ये, शांघायचं संयुक्त निवेदन. ‘चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे’ असं तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे सगळे चिनी मानतात, हे अमेरिका ‘ॲक्नॉलेज’ करते. आम्हालाही तसंच वाटतं, असं ती कुठेच म्हणत नाही. या भूमिकेला आव्हान देत नाही, इतकंच. मी लिहिलं ‘दखल घेते’. मुद्रितं तपासणाऱ्यांनी खोडून ‘मान्यता देते’ केलं. पण 1 जानेवारी 1979 च्या निवेदनात बीजिंगच्या सरकारला चीनचं एकमेव कायदेशीर सरकार म्हणून ‘रेकग्नाइज’ केलंय. ‘मान्यता’ इथेच खर्च केली तर तिकडे काय लिहू?

तांबडी माती:
‘पोच’ लिहा. माझे वडील तहसील कचेरीत बारनिशीला, म्हणजे कागदांच्या आवक-जावक नोंदीला होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, तिरकी सही. एखादे आजोबा विचारायचे, “म्हणजे झालं ना माझं काम?” वडील सांगायचे, “बाबा, कागद पोचला. मंजुरी साहेबांची.” 1972 ला अमेरिकेने पोच दिली, मंजुरी नाही.

ओसरी:
दादा, अर्थ तंतोतंत बसतो. पण ‘भूमिकेची पोच देते’ हे वाक्य कानाला पटत नाहीये.

निर्मळ मराठी:
‘दखल’ तर नकोच. न्यायालय स्वतःहून दखल घेतं तेव्हा पुढे कारवाई होते. अमेरिकेला तेच तर टाळायचं होतं. शिवाय मूळ अरबी. ‘जाणते’ लिहा, स्वच्छ आपला शब्द आहे.

तांबडी माती:
‘जाणते’ म्हणजे माहीत आहे. माहीत असणं वेगळं आणि समोरच्याला तसं लिहून देणं वेगळं. शिक्का मारल्याशिवाय पोच होत नाही.

पाणवठा:
मी चिनी शिकलोय म्हणून सांगतो, खरी मेख चिनी मजकुरात आहे. 1972 ला शब्द होता ‘रन्शीताओ’, म्हणजे ध्यानात आलं, जाणीव आहे. 1979 ला तैवानच्या त्याच वाक्यात ‘छंगरन’ आला, आणि सरकारला मान्यता दिली त्या वाक्यातही ‘छंगरन’च! चिनी वाचकाला दोन्हीकडे मान्यताच दिसते. अमेरिकेने आपल्यापुरता इंग्रजी मजकूर बंधनकारक धरला. ओसरीताई, तुमच्या तपासनिसांनी नकळत बीजिंगची बाजू घेतलीय. अजिबात ऐकू नका.
असंच 2001 मध्ये झालं. चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकन आणि चिनी लष्करी विमानांची टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला, 24 अमेरिकन अडकून पडले. अमेरिकेच्या पत्रात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ होतं. चीनने ती माफी समजली, अमेरिका म्हणाली ही माफी नव्हे. मराठीत ‘दिलगिरी’ बरोब्बर त्या दोघांच्या मधे उभी राहते.

निर्मळ मराठी:
दिलगिरी फारसी. ‘खेद’ आहे की.

पाणवठा:
खेद पाऊस न पडल्याचाही होतो. दिलगिरी कोणाकडे तरी व्यक्त करावी लागते. शब्द कुठून आला यापेक्षा तो काय वजन उचलतो ते बघा ना.

निर्मळ मराठी:
वजनाचंच बोलतोय. ओसरीताई, लेखाचा जो तुकडा तुम्ही मागे टाकला होता त्यात ‘1973 ला दूतावास उघडले’ आहे. तेव्हा दोन्हीकडे फक्त संपर्क कार्यालयं होती. दूतावास 1 मार्च 1979 चे. अमेरिकेचे लेनर्ड वुडकॉक आधी बीजिंगच्या संपर्क कार्यालयाचे प्रमुख होते, राजदूत झाले ते 1979 मध्ये. सहा वर्षं मुद्दाम तो शब्द टाळला होता, तो आपण कसा घालायचा?

ओसरी:
मोठी चूक होती. लगेच दुरुस्त करते, आभार.

मांडवीकाठ:
‘दूतावास’ का पण? आमच्या घरी आजोबा ‘वकिलात’च म्हणायचे. पेशवाईत गोव्याच्या पोर्तुगीजांचा वकील पुण्याला राहायचा, तिथल्या खबरा पणजीकडे लिहून पाठवायचा. दोनशे वर्षांपूर्वी ज्या शब्दाने राज्यं चालली तो आज कोर्टापुरता उरलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निर्मळ मराठी:
आज ‘अमेरिकेचा वकील’ छापलं तर वाचक खटला शोधेल.

मांडवीकाठ:
म्हणून तर ‘वकिलात’ म्हणतोय, ‘वकील’ नाही. त्यात घोटाळा होत नाही.

ओसरी:
मंडळी, मजकूर शुक्रवारी छपाईला जातोय. सध्या ‘ही भूमिका आपल्याला ज्ञात असल्याचे नमूद करते’ असं केलंय. लांबलंय, पण चालेल?

तांबडी माती:
‘नमूद’ने शिक्का बसला. तरी एकदा ‘पोच’ मोठ्याने वाचून बघा.

मांडवीकाठ:
राजदूतासाठीचा ‘एलची’ तुर्कीतून आलाय ना? तोही कोणी वापरत नाही आता.