तक्रार म्हणजे अविश्वास नव्हे

ताई, 'विश्वास पक्का असेल तर संकटात रडू नये, देवाला जाब विचारू नये' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. भरवसा ठेवावा, हे शंभर टक्के मान्य. पण बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र उघडून बघा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात; हे वळतच नाही, अंधाराशीच संपतं. तरी सुरुवातीची हाक मात्र तारणाऱ्या देवालाच आहे. वधस्तंभावर प्रभू येशूने उच्चारलेलं 'तू मला का सोडलंस?' हेही २२ व्या स्तोत्रातलंच.

आई आयसीयूत होती तेव्हा भेटायला येणारे बरेच जण रोमकरांस पत्रातलं ८:२८ हे वचन, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणकारकच होतं, ऐकवून निघून जायचे. वचन खरंच आहे, पण तेव्हा ते मला ऐकवेना. आमच्या चर्चच्या पाळकांनी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ८८ वं स्तोत्र सावकाश वाचलं आणि वर एका शब्दाचंही स्पष्टीकरण दिलं नाही. कित्येक दिवसांनी त्या रात्री मला प्रार्थना करता आली, तीही भांडणाच्या सुरात. तुमच्या मंडळीत आज कुणी अशा दुःखात असेल, तर आधी हे स्तोत्र वाचा. रोमकरांस पत्र थोडं नंतर.