'तोल बिघडलाय' म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

रानजाई:
परवा पाठदुखीच्या चर्चेत एकाने लिहिलंय की चिनी वैद्य सुया टोचून (ॲक्युपंक्चर) यिन-यांगचा, म्हणजे अंगातल्या थंड-उष्ण अशा दोन विरुद्ध बाजूंचा, तोल सावरतात, 'ची' म्हणजे अंगात वाहणारी प्राणशक्ती मोकळी करतात, पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे, आणि एमआरआय वगैरे नुसता पैसे उकळायचा धंदा. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

माझ्या आत्याची पाठ दुखायची. आठवड्यातून दोनदा सुया, वर कपिंग, म्हणजे कातडी ओढून धरणारे पेले, पाठभर जांभळी वर्तुळं. तो माणूस जीभ बघायचा, मनगट धरून बसायचा आणि म्हणायचा, किडनीची ची कमी पडलीय. संध्याकाळी कणकण यायला लागली तर म्हणे आतली उष्णता बाहेर पडतेय, वजन उतरलं तर म्हणे शरीर तोलावर येतंय. सात महिने हे चाललं. पाय बधिर पडायला लागले तेव्हा एमआरआय झाला आणि मणक्याचा टीबी निघाला. औषधांनी बरी झाली, पण आजही काठीशिवाय चालत नाही. माझा राग सुयांवर नाहीये, 'तोल' या शब्दावर आहे. ताप आला तरी तोल, गेला तरी तोल, मग चुकलं हे कळणार कधी?

आणि पाच हजार वर्षं कुठून आणली? त्यांचा पिवळ्या सम्राटाच्या नावावरचा मूळ ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांचा. १८२२ साली खुद्द चिनी बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया बंद केल्या होत्या. आज दिसतं ते बरंचसं १९५० नंतर, माओच्या काळात, नीट बांधून कॉलेजात बसवलेलं आहे.

पर्ल नदीकाठची:
ताई, आत्यांचं वाचून फार वाईट वाटलं. पण तो माणूस भोंदू होता, त्याचं बिल चीनच्या नावावर का फाडताय? मी अकरा वर्षं ग्वांगझौला आहे. इथल्या चिनी वैद्यकाच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त, एक्स-रे, सीटी सगळं होतं आणि तिथेच सुयांचा विभागही असतो, कुणी कुणाला तपासणी करू नका म्हणत नाही. माझी मान धरली होती, सहा वेळा गेले, मोकळी झाली. सुई टोचली की दुखत नाही, जड जड, भरून आल्यासारखं वाटतं, त्याला 'द-ची' म्हणतात.

आणि तोल ही काही परकी गोष्ट नाही आपल्याला. माझ्या बाळंतपणात शेजारच्या आजीने महिनाभर नुसती नजर ठेवली, गार पाणी नाही, केस धुवायचे नाहीत, वाऱ्यात बसायचं नाही, वर आलं घालून गोड व्हिनेगरमध्ये शिजवलेले डुकराचे पाय आणि अंडी. आई सांगलीहून डिंक-अळीव घेऊन आली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं पण माझ्या डोक्याला फडकं बांधायचं हे दोघींनी न बोलता ठरवलं. दोन्हीकडच्या बायका पिढ्यानपिढ्या मूर्ख होत्या का?

कुर्ल्याची नांगी:
मूर्ख कोण म्हणतंय, पण तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगा, तिकडे खेकडा उष्ण की थंड?

पर्ल नदीकाठची:
थंड. म्हणून तर सोबत आलं आणि गरम वाइन देतात.

कुर्ल्याची नांगी:
झालं मग! आमच्या मालवणात सर्दी झाली की कुर्ल्यांचा रस्सा पाजतात कारण तो उष्ण. एकच प्राणी, तिकडे थंड आणि इकडे उष्ण. म्हणजे उष्णता खेकड्यात नाही, सांगणाऱ्याच्या डोक्यात आहे.

पर्ल नदीकाठची:
एकच प्राणी कुठला? इकडे शरदात खातात तो गोड्या पाण्यातला केसाळ खेकडा. तुमचा खाडीतला. जात वेगळी, पाणी वेगळं.

चुलीवरची भाकर:
आमच्याकडे नगरला ओढ्यातला काळा खेकडा खातात, तोही गोड्या पाण्यातलाच, आणि त्यालाही उष्णच म्हणतात. पण काकू, मला बाळंतिणीचं बोलायचंय. दोन्हीकडच्या आज्यांचं एकमत म्हणजे पुरावा होत नाही. मला मे महिन्यात खोलीत शेगडी ठेवून कोंडलं होतं, घामोळ्यांनी अंग फुटलं, रडायचे तर म्हणायच्या वात झालाय. त्या महिन्याची आठवण आली तरी आजही संताप होतो.

पर्ल नदीकाठची:
तुमच्यावर जबरदस्ती झाली ते चूकच. पण मला त्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा कुणी आयतं जेवायला दिलं, निजू दिलं. तुमच्या संतापापायी माझी आठवण खोटी ठरवू नका.

सोलापुरी चादर:
हे उपचार भारतात आणले आमच्या डॉ. कोटणीसांनी, निदान त्यांच्या कष्टाचा तरी मान ठेवा.

संत्र्याची फोड:
चूक आहे भाऊ. कोटणीस सर्जन होते, १९३८ ला चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. सुया नंतर शिकून कलकत्त्यात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. आणि पथकात पाच डॉक्टर होते, त्यात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर पण होते, त्यांचं नाव कोणी घेते का? प्रत्येक वेळी मीच सांगायचं का?

जुना फिजिओ:
खेकडे बाजूला ठेवा जरा. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ ला छापून आली. चिनी शास्त्राने ठरवलेल्या खऱ्या बिंदूंवर सुया दिलेल्यांत ४७.६ टक्क्यांना फरक पडला, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ आणि नेहमीच्या औषध-व्यायामवाल्यांत २७.४. तीस वर्षं मी व्यायाम देतोय, तो शेवटचा आकडा मला झोंबतो. पण पहिले दोन बघा. बिंदू चुकले तरी जवळपास तेवढाच फरक पडत असेल, तर ची कुठल्या वाटेने वाहते त्याचा संबंध काय उरला? अर्धा तास कुणीतरी लक्ष देऊन हात लावतंय, याचाच मोठा वाटा असणार.

पर्ल नदीकाठची:
म्हणजे फरक पडतो हे मान्य ना? आणि चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते काय? चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या नोंदीवरून मलेरियाचं औषध काढलं त्यांनी.

रानजाई:
नोबेल तोलाला नाही मिळालं, रेणूला मिळालं. शेकडो वनस्पती तपासल्या, प्राण्यांवर चाचण्या केल्या, मग स्वतः घेऊन बघितलं. हां, ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायची हे जुन्या नोंदीत होतं आणि उकळल्यावर गुण जात असेल हा धागा त्यांना त्यावरूनच सापडला, तेवढं मी देते तुम्हाला. पण जुनं ते सौम्य असंही नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवायच्या गोळ्यांत चुकीची चिनी मुळी गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या.

पर्ल नदीकाठची:
ते माहीत आहे मला, म्हणून मी मुळ्या घेत नाही, फक्त सुया. दर वेळी तुम्ही सगळ्यात वाईट उदाहरण काढून तोंड बंद करता.

रानजाई:
सगळ्यात वाईट उदाहरण माझ्या घरात काठी टेकत फिरतं. ते मी कुठे ठेवू?

पर्ल नदीकाठची:
... बरोबर आहे. तसं म्हणायला नको होतं मी. आणि एक कबूल करते, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन ऐकून जो आधी तपासणीला पाठवत नाही त्याच्या हातात सुई नसावी, मग तो चीनमधला का असेना.

रानजाई:
मला एवढंच हवं होतं. मानेला आराम पडला असेल तर जरूर जा, मी अडवत नाही.

कुर्ल्याची नांगी:
मी आत्ता आईला फोन केला होता. ती म्हणते नदीचा असो, खाडीचा असो, कुर्ली उष्णच, आणि त्या चीनवाल्या बाईला सांग, आलं घालतात म्हणजे थंड होती ते खाईपर्यंत उष्णच झाली की.