सोसायटी ग्रुप (विश्रामबाग, सांगली): गणपतीच्या बक्षिसाची पुस्तकं

ए-३०१ बाई: नमस्कार. बक्षिसाची पुस्तकं कुणी ठरवली कळेल का? वॉचमनच्या केबिनमधे गठ्ठा बघितला. पाचवी ते आठवीच्या गटाला चेतन भगत? तेही फाइव्ह पॉइंट समवन? एक प्रत वर आणून चाळली. गच्चीवर व्होडका काय, प्राध्यापकाच्या मुलीशी प्रकरण काय, पेपर चोरायचा बेत काय. निबंधात पहिली आलेली पोरगी सहावीत आहे, तिला हे द्यायचं आणि आत सोसायटीचा शिक्का मारायचा?

बी-१०४: बाई, पुस्तकं मी आणली. मीटिंगमधे ठरलेलं की इंग्लिश वाचायची गोडी लागेल असं काहीतरी आणा, तेव्हा सगळे चहा पीत हो हो म्हणाले. आणि थ्री इडियट्स ह्याच्यावरूनच आलाय, तो तर आपणच कोजागरीला टेरेसवर पडदा लावून दाखवला की सगळ्या पोरांना

ए-३०१ बाई: पिक्चर वेगळा, पुस्तक वेगळं. तुम्ही वाचलंय का?

बी-१०४: वाचलंय ना, कॉलेजला असताना

ए-१०२ काका: कॉलेजला असताना. झालं, मिळालं उत्तर 😄

सी-२०२ तात्या: बक्षीस म्हणून स्टीलचे डबे द्यावेत. मागच्या वर्षी सगळे खूश होते.

ए-१०२ काका: वि. स. खांडेकर ज्या गावात जन्मले तिथं पोरांना हे वाचायला देताय. भाषा म्हणून काही आहे का त्या भगतला, नुस्तं हा म्हणाला ती म्हणाली, संपलं पान

बी-२०३ वहिनी: काका, खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं ते ययातीसाठी. ती तरी सहावीतल्या पोरीला देता येईल का?

ए-१०२ काका: कुणाशी कुणाची तुलना करताय

बी-२०३ वहिनी: नाव तुम्हीच काढलंत 🙏

सेक्रेटरी: सर्वांनी कृपया संयम राखावा. तसेच उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी पाणी येणार नाही.

ए-१०२ काका: परत? परवाच धुतली ना

डी-४०१: राहवेना म्हणून लिहितो. माझं शिक्षण मराठी मीडियमचं, पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, पोरं हसायची, अशात रूममेटने हे पुस्तक दिलं, २००४ साली ते ९५ रुपयाला आलं होतं, त्या वेळी इंग्लिश पुस्तक त्या किमतीत मिळायचंच नाही, आणि मी ते डिक्शनरी न उघडता संपवलं, पहिल्यांदाच. पुढं भगतच्याच हाफ गर्लफ्रेंडमधला बिहारच्या डुमरावचा माधव इंग्लिशच्या भीतीनं घामाघूम होतो ते वाचून वाटलं ह्याला आपली गोष्ट कुणी सांगितली. साहित्य आहे की नाही ते मोठ्यांनी ठरवा, दिल्ली विद्यापीठात २०१७ ला फाइव्ह पॉइंट समवन अभ्यासक्रमात घ्यायची गोष्ट निघाली तेव्हाही असाच गोंधळ झालेला. माझ्यासारख्याला त्यानं वाचायला लावलं एवढं खरं.

बी-१०४: 👏👏 हेच म्हणत होतो

ए-३०१ बाई: तुम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होता. मी वयाबद्दल बोलतेय. दर्जाबद्दल अजून तोंडच उघडलेलं नाही.

बी-२०३ वहिनी: मी उघडते मग 😀 सुरुवातीची दोन-तीन मला आवडली, टू स्टेट्समधल्या सासवा तर आपल्याच वाटतात. पण २०१६ ला वन इंडियन गर्ल म्हणून बाईच्या तोंडून लिहायला गेला आणि घसरला. एवढी मोठ्या बँकेत लठ्ठ बोनस घेणारी पोरगी, आणि तिच्या डोक्यात काय तर गोव्याला ऐन लग्नात येऊन टपकलेले दोन जुने बॉयफ्रेंड. तिचं काम, तिचा पैसा, घरच्यांची त्यावरची तोंडं, तिथं खरी गोष्ट होती. तिथनं पटापट पुढं पळतो.

डी-४०१: हे मान्य. नंतरच्या मर्डर मिस्टऱ्या तर मी सोडूनच दिल्या

सी-२०२ तात्या: स्टीलचे डबे. झाकणावर नाव घालून मिळतात.

ए-१०२ काका: २०१९ च्या पुरात नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा आपण घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली, त्यात पण निम्मी ह्याचीच निघाली. लोक वाचतात आणि देऊन टाकतात, घरात ठेवत नाहीत

बी-१०४: काका तुमच्या घरून काय आलं होतं आठवतंय का, दिवाळी अंक, तेही कोडी सोडवलेले

ए-१०२ काका: बोलताना वय बघावं. यंदाची वर्गणी कुणाची बाकी आहे ते मी काढलं तर जड जाईल

बी-१०४ यांनी हा मेसेज डिलीट केला.

सेक्रेटरी: वैयक्तिक होऊ नका. बाई, आपण काय सुचवता?

ए-३०१ बाई: सुधा मूर्तींची मुलांसाठीची गोष्टींची पुस्तकं घ्या. इंग्रजीही सोपं आहे आणि मराठीतही मिळतात. कॉलेजच्या गटाला भगत दिलात तर माझी हरकत नाही, वाचून भांडू देत पोरं.

सी-२०२ तात्या: डबे परवडतील.

बी-२०३ वहिनी: तात्या, पहिल्या डब्याला तुमचंच नाव घालू

बी-१०४: दुकानदार पैसे परत देत नाही, बदलून देतो. शनिवारी जातो. फक्त आता सगळ्यांनी इथंच हो म्हणा, नंतर वॉचमनच्या केबिनमधे उघडून बघायचं आणि ग्रुपवर यायचं असं नको

ए-३०१ बाई: हो. आणि मी वर आणलेली प्रत राहू दे माझ्याकडे, ऐंशी पानं झालीत.

सेक्रेटरी: बाई, मंडळाला पडली त्या किमतीत पावती करावी लागेल.

ए-१०२ काका: बाईंना सवलत आणि आम्हाला पावती असं नको, आधीच सांगतो